पट्टाचालित औद्योगिक वायुवीजन पंख्यांची सुरक्षित सुरुवात व तपासणी : ओतकाम उद्योगाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ओतकाम कारखान्यातील धूळ आणि धूर शोषून घेणारे पंखे बहुधा मोटरला थेट न जोडता पट्ट्याच्या साहाय्याने फिरविले जातात. असा पंखा प्रथमच किंवा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर सुरू करणे ही केवळ बटण दाबण्याची कृती नसून ती एक टप्प्याटप्प्याची प्रक्रिया आहे. सदर प्रक्रियेत चूक झाल्यास दोन प्रकारची हानी संभवते. पहिली हानी तत्काळ दिसते. ती फिटरच्या बोटांना, हाताला वा जिवाला होते. दुसरी हानी अनेक वर्षांनी दिसते. ती पंखा फिरत असूनही पुरेशी हवा ओढत नसल्यामुळे कामगाराच्या फुप्फुसांना होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही हानी टाळणारा तपासणीचा क्रम, त्यामागील यांत्रिक कारणे आणि संबंधित कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : औद्योगिक वायुवीजन, सेंट्रिफ्यूगल पंखा, व्ही-बेल्ट, कुलूपबंदी, सिलिकोसिस, ओतकाम.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशावर कोल्हापूरचे स्थान ओतकाम उद्योगामुळे विशेष महत्त्वाचे ठरले आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या परिसरातील लहानमोठ्या फाउंड्रींमधून वाहन उद्योग, पंप उद्योग व यंत्रनिर्मिती उद्योगाला लागणारे ओतीव भाग तयार होतात. ओतकामात वाळूचे साचे वापरले जातात. ओतलेला धातू थंड झाल्यावर साचे फोडले जातात, ओतीव भागावर चिकटलेली वाळू झाडली जाते आणि नंतर ग्राइंडरवर त्याची घासणी होते. या तिन्ही टप्प्यांवर बारीक धूळ उडते. साच्याची वाळू मुख्यतः सिलिकाची असल्याने या धुळीतही स्फटिकी सिलिकाचे कण असतात.

डोळ्यांना दिसणारी धूळ कपड्यांवर आणि जमिनीवर बसते. परंतु फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचणारे कण साधारणतः १० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि ते उघड्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. दीर्घकाळ असे कण श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार जडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली व्यवसायातून श्वसनात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. या धुळीपासून कामगाराचे रक्षण करण्याचा एक प्रमुख उपाय म्हणजे धूळ निर्माण होते त्याच जागी ती ओढून घेणे. शोषणमुख, नळमार्ग, पिशव्यांचा धूळ संकलक, पंखा आणि चिमणी अशी ही साखळी असते. या साखळीतील एकमेव गतिमान दुवा पंखा हा होय. तो नीट चालला नाही, तर उर्वरित सर्व यंत्रणा म्हणजे केवळ पत्र्याची रचना ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) पट्टाचालित पंखा सुरू करताना उद्भवणाऱ्या धोक्यांची यांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
२) सुरुवातीपूर्वीच्या, सुरुवातीच्या वेळच्या आणि सुरुवातीनंतरच्या तपासणीचा क्रम मांडणे.
३) ‘पंखा फिरतो आहे’ आणि ‘पंखा काम करतो आहे’ यांतील भेद विशद करणे.
४) लहान कारखान्यांना अमलात आणता येतील अशा शिफारशी सुचविणे.

प्रस्तुत विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गणिते समजण्यास सुलभ व्हावीत म्हणून सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे : मोटरची गती मिनिटाला १४४० फेरे, मोटरवरील पुलीचा व्यास २०० मिलिमीटर, पंख्यावरील पुलीचा व्यास ४०० मिलिमीटर, दोन्ही शाफ्टमधील अंतर ८०० मिलिमीटर आणि इम्पेलरचा व्यास १.२ मीटर. पुल्यांच्या गुणोत्तरानुसार या पंख्याची अपेक्षित गती मिनिटाला ७२० फेरे येते.

३. पट्ट्याचीच योजना का ?

मोटरची गती ठरावीक असते. पंख्याला मात्र प्रत्येक कारखान्याच्या गरजेनुसार वेगळी गती हवी असते. पुलीचा व्यास बदलून ही गती कमीअधिक करता येते, मोटर पंख्याच्या बाजूला सोयीच्या जागी बसविता येते आणि मोटर जळाल्यास पंखा न उकलता ती बदलता येते. शिवाय पंखा एकाएकी अडला तर पट्टा घसरतो आणि शाफ्टला बसणारा धक्का काही अंशी सौम्य होतो. या सोयींमुळे लहान व मध्यम कारखान्यांत पट्टाचालित पंखे लोकप्रिय झाले आहेत.

तथापि, याच सोयी तपासणीचे काम वाढवितात. पट्टा ताणला जातो, झिजतो, घसरतो. पुल्यांची रेषा बिघडते. बेअरिंगवर एका बाजूने सतत ओढ राहते. गती बदलणे सोपे असल्यामुळे ती विचार न करता बदलली जाण्याचा संभवही अधिक असतो. पंख्याच्या नियमानुसार हवेचे प्रमाण गतीच्या प्रमाणात, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. उदाहरणातील मोटरवर २०० ऐवजी २२० मिलिमीटरची पुली बसविली तर पंख्याची गती ७९२ होते, म्हणजे केवळ १० टक्क्यांनी वाढते. परंतु शक्तीची गरज सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. ‘हवा थोडी कमी पडते, पुली मोठी घाला’ हा सल्ला मोटर जाळणारा आणि इम्पेलरला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरविणारा ठरू शकतो, तो यामुळेच.

४. धोक्यांचे स्वरूप

४.१ पट्टा व पुलीमधील चिमटा : उदाहरणातील पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर आहे. अनपेक्षित घटना घडल्यावर हात मागे घेण्यास माणसाला साधारण पाव सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्या अवधीत पट्टा पावणेचार मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजेच हात ओढला जात आहे याची जाणीव होईपर्यंत तो पुलीखाली गेलेला असतो. सावधगिरी किंवा चपळाई हा या धोक्यावरील उपाय नव्हे. गार्ड हाच उपाय होय.

४.२ वीज नसतानाही फिरणारा पंखा : वीज बंद केली म्हणजे यंत्र निर्धोक झाले, ही समजूत पंख्याच्या बाबतीत अपुरी आहे. जड इम्पेलर वीज तोडल्यानंतरही काही मिनिटे फिरत राहतो. पूर्ण थांबलेला इम्पेलर चिमणीतून येणाऱ्या वाऱ्यामुळे किंवा त्याच नळमार्गाला जोडलेला दुसरा पंखा चालू असल्यास त्या हवेच्या ओढीने पुन्हा फिरू लागतो. मुख्य स्विचला कुलूप असतानाही पट्टा हातातून सरकू शकतो, तो या कारणाने. म्हणून विजेच्या कुलूपबंदीबरोबर डॅम्पर बंद करणे आणि इम्पेलरला पाचर किंवा पट्टीने यांत्रिकरीत्या अडविणे आवश्यक ठरते.

४.३ तुटून उडणारे भाग : उदाहरणातील इम्पेलरच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६३ किलोमीटर येतो. पंख्याच्या आवरणात राहिलेला पाना, वेल्डिंगच्या सळईचा तुकडा किंवा सैल झालेला बोल्ट या वेगाने फेकला जाऊ शकतो. इम्पेलरच्या पात्याच्या कडेला केवळ ५० ग्रॅम धूळ एकाच बाजूस चिकटली तरी या गतीला सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका जोर निर्माण होतो आणि त्याची दिशा सेकंदाला १२ वेळा फिरते. बेअरिंग आणि पायाचे बोल्ट सैल होण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

४.४ कामाच्या घाईतून येणारा धोका : ओतकामात भट्टीतील वितळलेले लोखंड थांबून राहत नाही. पाळीच्या मध्यावर पंखा बंद पडला की काम खोळंबते आणि फिटरवर दडपण येते. गार्ड न बसविता ‘एकदा फिरवून बघणे’, फिरत्या पुलीवर पट्टा चढविणे, घसरणाऱ्या पट्ट्यावर चालू स्थितीतच राळ टाकणे या प्रथा अशा दडपणातूनच रूढ होतात. यांतील राळ टाकण्याची प्रथा तांत्रिकदृष्ट्याही अयोग्य आहे. व्ही-बेल्टची पकड त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू पुलीच्या खाचेत घट्ट बसण्यावर अवलंबून असते. पट्टा घसरत असेल तर ताण, झीज किंवा पुलीची खाच यांत दोष असतो, आणि तो राळेने दूर होत नाही.

५. सुरुवातीपूर्वीची तपासणी

५.१ कुलूपबंदी : मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे, ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ असा नावासह फलक टांगावा आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. दोन व्यक्ती काम करीत असतील तर दोन कुलपे असावीत. त्यानंतर सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखर सुरू होत नाही, याची खात्री करावी आणि वायरमनने टर्मिनलवर वीज नसल्याचे उपकरणाने तपासावे. गती बदलणारा ड्राइव्ह बसविला असल्यास त्याच्या पडद्यावरील शून्य हा आकडा वीज नसल्याचा पुरावा मानू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. उत्पादकाने सांगितलेला अवधी जाऊ दिल्याशिवाय ड्राइव्ह उघडू नये.

५.२ आवरणाची आतून पाहणी : तपासणीचे झाकड उघडून आत हत्यारे, चिंध्या, पक्ष्यांची घरटी, साचलेले पाणी किंवा धुळीचे थर नाहीत, हे पाहावे. इम्पेलरच्या पात्यांची झीज, वेल्डिंगमधील तडे आणि हबवरील चावी व ग्रब स्क्रू तपासावेत. त्यानंतर इम्पेलर हाताने सावकाश पूर्ण फिरवावा. तो आवरणाला कोठेही घासता कामा नये आणि बेअरिंगमधून खरखर येता कामा नये. तो दर वेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर असमतोलाची शंका घ्यावी. इम्पेलर अडविण्यासाठी घातलेली पाचर काढली गेल्याची नोंद या टप्प्यावर स्वतंत्रपणे करावी, कारण विसरलेली पाचर हीच पहिल्या फेऱ्यात उडणारी वस्तू ठरते.

५.३ पुल्यांची रेषा : दोन्ही पुल्यांच्या बाहेरील कडांवर ताणलेली दोरी किंवा सरळ पट्टी धरून ती चारही ठिकाणी टेकते का, हे पाहावे. पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असल्यास ते अंतर हिशेबात घ्यावे. व्ही-बेल्टच्या बाबतीत रेषेतील विचलन साधारणपणे अर्ध्या अंशाच्या आत असावे. रेषा बिघडलेली असल्यास पट्टा एका बाजूने झिजतो, खाचेतून उलटतो आणि बेअरिंगवर आडवा दाब येतो.

५.४ पट्टा चढविणे व ताणणे : पट्टा चढविण्यासाठी मोटर तिच्या सरक पट्ट्यांवर पुढे घ्यावी. पेचकस किंवा पहारीने पट्टा पुलीवर ओढून चढविल्यास आतील दोरे तुटतात. हा दोष बाहेरून दिसत नाही, पण पट्टा अल्पावधीत निकामी होतो. एका पुलीवर अनेक पट्टे असतील तर त्यांतील एकच न बदलता सर्व पट्टे एकाच मापाचे व एकाच संचातील घालावेत. जुने पट्टे लांबलेले असतात, त्यामुळे नवा पट्टा एकटाच भार घेतो.

ताण मोजण्याची सर्वपरिचित पद्धत अशी की, दोन पुल्यांमधील मोकळ्या भागाच्या मध्यावर उत्पादकाच्या तक्त्यातील ठरावीक जोर दिला असता पट्टा दर मीटर लांबीस सुमारे १६ मिलिमीटर दबावा. उदाहरणातील ८०० मिलिमीटर अंतरासाठी हे माप सुमारे १३ मिलिमीटर येते. येथे जोराचा आकडा महत्त्वाचा आहे. केवळ अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणे ही तपासणी नव्हे, कारण दोन माणसांच्या अंगठ्यांचा जोर सारखा नसतो. कमी ताणाने पट्टा घसरतो व तापतो. अधिक ताणाने बेअरिंग व शाफ्ट यांच्यावर अनाठायी भार येतो.

५.५ बेअरिंग व ग्रीस : अधिक ग्रीस म्हणजे अधिक काळजी, ही समजूत चुकीची आहे. बेअरिंगच्या घरातील मोकळी जागा साधारण एक-तृतीयांश ते निम्मी भरणे पुरेसे असते. ग्रीस ठासून भरल्यास ते घुसळले जाते आणि बेअरिंग तापते. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत.

५.६ विद्युत तपासणी : पावसाळ्यात किंवा दीर्घ बंदनंतर मोटरच्या वेटोळ्यात ओलावा शिरतो. ४१५ व्होल्टच्या मोटरचा विद्युतरोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावा; तत्पूर्वी ड्राइव्ह असल्यास तो सोडवून ठेवावा. रोध १ मेगाओहमपेक्षा कमी आल्यास मोटर वाळविल्याशिवाय सुरू करू नये. ओव्हरलोड रिलेची मर्यादा मोटरच्या पाटीवरील ॲम्पिअरशी जुळते का आणि अर्थिंगची जोडणी घट्ट आहे का, हेही पाहावे.

५.७ गार्ड : गार्ड पट्ट्याच्या व दोन्ही पुल्यांच्या सर्व बाजू झाकणारा, बोल्टने बसविलेला आणि जाळीतून बोट आत जाणार नाही असा असावा. टॅकोमीटरने गती मोजण्यासाठी शाफ्टच्या टोकासमोर लहान छिद्र ठेवल्यास गती मोजण्याकरिता गार्ड काढण्याची सबब उरत नाही. चाचणीसाठीचा पहिला फेरासुद्धा गार्ड बसविल्यानंतरच व्हावा, हा नियम अपवादरहित असावा.

महाराष्ट्रातील कारखान्यांत खंडेनवमी व दसऱ्याला यंत्रांची पूजा होते आणि दिवाळीत अनेक ठिकाणी काम काही दिवस बंद राहते. दीर्घ बंदनंतरची सुरुवात याच काळात होत असल्याने ही सुटी तपासणीसाठी सोयीची संधी ठरते. गार्डवर किंवा मोटरवर चढविलेली झेंडूची तोरणे, माळा व आंब्याच्या डहाळ्या सुरुवातीपूर्वी उतरविणे हेही तपासणीच्या यादीत असावे. त्या गार्डच्या जाळीतून आत ओढल्या जाऊ शकतात किंवा मोटरच्या पंख्याची हवा अडवू शकतात. तद्वतच गळ्यातील मफलर वा गमछा, सैल बाह्या, पदर वा ओढणी, मनगटावरचा दोरा आणि कडे यांसह कोणीही फिरत्या भागाजवळ जाऊ नये.

६. प्रत्यक्ष सुरुवात

६.१ डॅम्परची स्थिती : सुरुवातीच्या वेळी डॅम्पर उघडा असावा की बंद, याचे उत्तर पंख्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. सरळ किंवा पुढे वाकलेल्या पात्यांच्या सेंट्रिफ्यूगल पंख्याला हवा जितकी अधिक, तितकी शक्ती अधिक लागते. म्हणून तो डॅम्पर बंद ठेवून सुरू करावा आणि मग डॅम्पर हळूहळू उघडावा. मागे वाकलेल्या पात्यांच्या पंख्यात शक्ती एका मर्यादेनंतर वाढत नाही, तरीही बंद डॅम्परने सुरुवात केल्यास मोटरवरील भार कमी राहतो. याउलट अक्षीय पंख्याला हवा अडविल्यावर अधिक शक्ती लागते. तो बंद डॅम्परवर सुरू करू नये.

धूळ संकलकातील पिशव्या नव्या असताना हवेला होणारा अडथळा कमी असतो, त्यामुळे अपेक्षेपेक्षा अधिक हवा वाहून मोटरवर भार येतो. भट्टीचा उष्ण धूर ओढणाऱ्या पंख्याच्या बाबतीत आणखी एक कारण घडते. थंड हवा जड असते. १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या धुरासाठी योजलेला पंखा २० अंशांच्या हवेवर तेवढ्याच उघड्या डॅम्परने चालविल्यास सुमारे ४४ टक्के अधिक शक्ती मागतो. भट्टी तापण्यापूर्वी पंखा ‘ट्रिप’ होतो आणि नंतर नीट चालतो, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा वेळी ओव्हरलोड रिलेची मर्यादा वाढविणे हा उपाय नसून डॅम्पर आवळून सुरुवात करणे हा उपाय होय.

६.२ क्षणिक फेरा व दिशा : सर्व माणसे इम्पेलरच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला झाल्यावर बटण दाबून लगेच सोडावे आणि शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो, ते पाहावे. आवरणावरील बाणाच्या विरुद्ध दिशा आढळल्यास पुन्हा कुलूपबंदी करून मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी.

ही तपासणी सर्वाधिक दुर्लक्षित आहे आणि तिचे महत्त्वही सर्वाधिक आहे. अक्षीय पंखा उलट फिरला तर हवा उलट दिशेने येते आणि चूक ताबडतोब लक्षात येते. सेंट्रिफ्यूगल पंखा मात्र उलट फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त प्रमाण बरेच घटते. पंख्याचा आवाज येतो, चिमणीतून वारा येतो, शोषणमुखाशी कागद धरला तर तो चिकटतोही; परंतु धूळ मात्र पुरेशी ओढली जात नाही. मोटर दुरुस्त करून आणल्यावर किंवा वीज जोडणीत बदल झाल्यावर ही चूक शिरू शकते आणि महिनोन् महिने राहू शकते. म्हणून विद्युत जोडणीला हात लागल्यानंतर प्रत्येक वेळी दिशा तपासणे अनिवार्य मानले पाहिजे.

६.३ विद्युतप्रवाह : थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्ण भाराच्या सुमारे ६ ते ८ पट प्रवाह घेते, पंखा गतीवर येताच तो खाली आला पाहिजे. स्टार-डेल्टा स्टार्टरने हा प्रवाह एक-तृतीयांश होतो, पण फिरविण्याचा जोरही एक-तृतीयांशच मिळतो. जड इम्पेलर स्टार स्थितीत गतीवर येत नसेल तर वारंवार बटण दाबून प्रयत्न करू नये. प्रत्येक प्रयत्नात वेटोळे तापते. म्हणून तासात किती वेळा सुरू करावे याची उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी. उलट दिशेने वाऱ्यावर फिरत असलेला पंखा आधी थांबवावा आणि मगच सुरू करावा.

६.४ पहिला तास : पंखा गतीवर आल्यावर पुढील चार बाबी नोंदवाव्यात.

१) तिन्ही फेजचा प्रवाह मोटरच्या पाटीवरील आकड्याच्या आत व परस्परांशी जवळपास समान असावा.
२) बेअरिंगचे तापमान सुरुवातीला चढते आणि नंतर स्थिर होते. ते सतत चढत राहिल्यास पंखा बंद करावा.
३) कंपनाचे माप घ्यावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १४६९४ या मानकात सर्वसाधारण औद्योगिक वापरातील, दृढ पायावर बसविलेल्या पंख्यासाठी सुरुवातीच्या वेळी सेकंदाला ४.५ मिलिमीटर, इशाऱ्यासाठी ७.१ आणि बंद करण्यासाठी ९ मिलिमीटर या मर्यादा दिल्या आहेत.
४) सुरुवातीला पट्ट्याची किंचाळी क्षणभर येऊन थांबली तर ताण तपासावा, ती चालूच राहिली तर पंखा बंद करूनच कारण शोधावे.

६.५ पहिला दिवस : नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि किंचित लांबतो. त्यामुळे सुमारे २४ तासांच्या कामानंतर पंखा थांबवून, पुन्हा कुलूपबंदी करून ताण नव्याने घ्यावा. याच वेळी पुलीचे, बेअरिंगचे व पायाचे बोल्ट आवळून पाहावेत. सुरुवातीच्या दिवशी बसविलेला ताण हा अंतिम ताण नसतो, ही बाब फिटर व पर्यवेक्षक दोघांनाही माहीत असली पाहिजे.

७. पंखा फिरतो, पण काम करतो का ?

पंख्याची यांत्रिक तपासणी पूर्ण झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो : कामगाराच्या नाकासमोरची धूळ ओढली जाते का ? उदाहरणातील पंख्याची गती ७२० ऐवजी टॅकोमीटरवर ६६५ आढळली, असे समजू. म्हणजे पट्टा सुमारे साडेसात टक्के घसरतो आहे. सुस्थितीतील व्ही-बेल्टची घसरण एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. हवा साडेसात टक्क्यांनी आणि दाब सुमारे साडेचौदा टक्क्यांनी कमी झाला. मोटरचा प्रवाहही कमी झाल्याने ॲम्पिअरमीटर पाहणाऱ्याला सर्व काही ठीकच वाटेल. किंबहुना वीज वाचली असे वाटेल.

याचा परिणाम मात्र साखळीच्या दुसऱ्या टोकाला होतो. ओतकामातील धूळ नळमार्गातून वाहून नेण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला साधारण १८ ते २० मीटर ठेवावा लागतो. तो घटल्यास जड कण नळमार्गाच्या तळाशी साचतात, मार्ग अरुंद होतो, हवा आणखी कमी होते आणि शोषणमुखापासून दूर उभ्या असलेल्या कामगारापर्यंत ओढ पोहोचतच नाही. यासाठी पुढील तीन साध्या मोजमापांची शिफारस करता येते.

पहिले मोजमाप टॅकोमीटरने घेतलेल्या पंख्याच्या गतीचे. दुसरे मोजमाप शोषणमुखाच्या लगतच्या नळीतील व धूळ संकलकाच्या दोन्ही बाजूंच्या दाबाचे. यासाठी रंगीत पाणी भरलेली यू आकाराची काचेची नळीही पुरेशी असते. तिसरी तपासणी धुराची. कामगार जेथे उभा राहतो तेथे धुराची नळी किंवा पेटलेली अगरबत्ती धरून धूर शोषणमुखाकडे वळतो की नाही, हे पाहता येते. ज्वालाग्राही बाष्प असलेल्या ठिकाणी अगरबत्ती अर्थातच वर्ज्य आहे. या तपासणीतून आकडा मिळत नाही, परंतु ओढ आहे की नाही हे फिटर, पर्यवेक्षक आणि कामगार तिघांनाही एकाच वेळी दिसते. सुरुवातीच्या दिवशीचे हे आकडे पंख्याजवळ रंगाने लिहून ठेवल्यास पुढील प्रत्येक तपासणीला तुलनेचा आधार मिळतो.

८. कायदेशीर चौकट

१९४८ च्या कारखाने अधिनियमात या विषयाशी थेट निगडित अशा तरतुदी होत्या. कलम १४ नुसार धूळ व धूर श्वसनात जाणार नाहीत आणि कामाच्या जागी साचणार नाहीत अशी व्यवस्था करणे बंधनकारक होते. कलम २१ यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याविषयी होते. कलम २२ नुसार चालू यंत्राची तपासणी, तेल देणे वा जुळवणी ही कामे अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या, विशेष प्रशिक्षण घेतलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावयाची होती. फिरत्या पुलीवरील पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर त्यालाही तो हाताळण्यास मनाई होती. कलम २४ मध्ये वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकू न देण्याची आणि नकळत ‘चालू’ स्थितीत जाऊ शकणाऱ्या स्विचला कुलूप लावण्याची तरतूद होती. सिलिकोसिसचा समावेश सूचनीय रोगांच्या अनुसूचीत होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. कायद्याची चौकट बदलली तरी गार्ड, कुलूप आणि प्रशिक्षित माणूस या तीन गोष्टींची तांत्रिक गरज बदललेली नाही. म्हणूनच कारखान्याने या तपासण्या निरीक्षकासाठी नव्हे, तर स्वतःच्या कामकाजाचा भाग म्हणून स्वीकारणे इष्ट ठरते.

९. निष्कर्ष

१) पट्टाचालित पंख्याचा धोका विजेपुरता मर्यादित नाही, साठलेली गती आणि नळमार्गातील हवा यांमुळे तो वीज बंद असतानाही कायम राहतो.
२) पट्टा व पुली यांच्यातील अपघात माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा जलद घडतो. त्यामुळे अनुभवी फिटरलाही गार्डविना संरक्षण नाही.
३) उलट फिरणारा किंवा घसरणाऱ्या पट्ट्यावर चालणारा सेंट्रिफ्यूगल पंखा बाहेरून सुस्थितीत भासतो. हा दोष केवळ दिशा, गती व दाब तपासल्यानेच उघड होतो.
४) फिटरच्या हाताची सुरक्षा आणि कामगाराच्या फुप्फुसाची सुरक्षा हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच तपासणीचे दोन भाग आहेत.

१०. शिफारशी

१) प्रत्येक पंख्यासाठी एक पानी तपासणी पत्रक मराठीत तयार करावे आणि ते पंख्याजवळच लावावे. त्यात कुलूप, पाचर, गार्ड, दिशा, गती, प्रवाह, तापमान व दाब यांचे रकाने असावेत.
२) फिटर, वायरमन आणि ऑपरेटर ही तिन्ही कामे एकच व्यक्ती करीत असल्यास सुरुवातीच्या वेळी दुसरी व्यक्ती उपस्थित असणे सक्तीचे करावे.
३) पट्ट्यांचा एक पूर्ण संच राखीव ठेवावा. सुटा पट्टा मिळेपर्यंतची घाई हेच अनेक धोकादायक जुगाडांचे मूळ आहे.
४) पंखा बंद असताना साचे फोडणे व घासणीचे काम थांबविण्याचा अधिकार पाळीच्या पर्यवेक्षकास लेखी द्यावा, जेणेकरून दुरुस्ती घाईत उरकण्याचे दडपण त्याच्यावर व फिटरवर येणार नाही.
५) टॅकोमीटर, मेगर व कंपनमापक ही उपकरणे प्रत्येक लहान कारखान्याला घेणे परवडत नसल्यास औद्योगिक वसाहतीतील उद्योजक संघटनेने ती सामाईक वापरासाठी उपलब्ध करावीत.
६) औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांच्या प्रात्यक्षिकांत उलट फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंख्याचे प्रात्यक्षिक समाविष्ट करावे. हवा त्याच दिशेने येते पण दाब पडतो, हे विद्यार्थ्याने मॅनोमीटरवर एकदा पाहिले, तर नोकरीत रुजू झाल्यावर दिशा तपासल्याविना तो पंखा चालू करणार नाही.